एकदा सिझर, म्हणजे कायम सिझर?



पहिलटकरणीचं सिझर झालं की ती टाके काढून घरी येईपर्यंत आळीतल्या बायकांनी निकाल देऊन टाकलेला असतो : 'आता दुसरंही सिझरच.' सासू तसं म्हणते, पुष्कळ डॉक्टर तसं म्हणतात, आणि ती बाईही तसंच धरून चालते. हे वाक्य इतकं मुरलेलं आहे, की ते कुणी तरी, कुठं तरी पहिल्यांदा म्हटलं असेल असं मनातही येत नाही. पण म्हटलं होतं. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या एका डॉक्टरनं, १९१६ साली. आणि त्याला जे सांगायचं होतं, ते आज आपण समजतो त्यापेक्षा फार वेगळं होतं. आज त्या वाक्याची गोष्ट सांगते. त्यासाठी आधी बरंच मागं जावं लागेल.

पोट कापून बाळ काढणं हे मुळात जिवंत बाईसाठी नव्हतंच. जुन्या रोममध्ये कायदा होता, की गरोदर बाई मेली तर पोटातलं बाळ काढल्याशिवाय तिला पुरायचं नाही. आपल्याकडं सुश्रुतसंहितेतही सांगितलं आहे, की आई गेली आणि पोटात हालचाल दिसली तर वैद्यानं वेळ न घालवता पोट उघडून बाळ बाहेर घ्यावं. रोमचा ज्युलियस सीझर असा जन्मला म्हणून या ऑपरेशनला त्याचं नाव पडलं, असं आपण ऐकतो. ते काही खरं दिसत नाही. सीझर मोठा होऊन लढाया मारत होता तेव्हा त्याची आई ऑरेलिया हयात होती, आणि त्या काळी पोट कापलेली बाई जगत नसे. लॅटिन भाषेत 'कापणं' या अर्थाचा एक शब्द आहे, त्यावरून हे नाव आलं असावं.

मग जिवंत बाईचं काय? तिनं वाट पाहायची. आपल्या बोलीत बाळंत झालेल्या बाईला 'सुटली', 'मोकळी झाली' म्हणतात, आणि नाही झाली तर 'अडली'. या शब्दांतच सगळं आलं. बाळ पायांकडून आलं तर ते 'पायाळू', आणि पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं अशी समजूत. मला वाटतं, ते मूल आणि त्याची आई दोघं जगली हेच तेव्हा धन होतं. जाणती सुईण आडवं बाळ वळवायची, धीर द्यायची. पण बाळाचं डोकं कटीच्या हाडांत अडकलं तर तिचाही इलाज संपायचा. बाळ पोटातच गेलं, तर ते तुकड्यांनी काढून निदान आईला वाचवायचं, अशी रीत सुश्रुतानंही दिली आहे आणि युरोपातले डॉक्टरही तेच करत. ऐकवत नाही, पण तेव्हा दुसरा उपाय नव्हता.

जिवंत बाईचं सिझर करून पाहणारेही निघाले. १८२६ साली दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनला जेम्स बॅरी या इंग्रजांच्या लष्करी डॉक्टरनं सिझर केलं आणि आई-बाळ दोघं जगली. तेव्हा भुलीचं औषधही निघालेलं नव्हतं, क्लोरोफॉर्म त्यानंतर एकवीस वर्षांनी आलं. हा बॅरी १८६५ मध्ये वारला, आणि त्याचं प्रेत आवरणाऱ्या बाईनं सांगितलं, की हा डॉक्टर बाई होता! त्या काळी बायकांना डॉक्टरकी शिकायला बंदी. म्हणून आयर्लंडमधल्या एका मुलीनं पुरुषाचे कपडे घातले ते जन्मभर उतरवले नाहीत. त्या बाळाचं नाव आईबापांनी जेम्स बॅरीच ठेवलं होतं.

आणखी एक गोष्ट आफ्रिकेतलीच, युगांडातली. १८७९ साली रॉबर्ट फेल्किन नावाच्या इंग्रज प्रवाशानं तिथल्या गावच्या वैद्याला सिझर करताना पाहिलं. बाईला केळ्यांच्या दारूनं गुंगी आणली होती. वैद्यानं त्याच दारूनं आपले हात आणि तिचं पोट धुतलं, रक्त थांबवायला तापलेलं लोखंड लावलं, पोट लोखंडी सुयांनी बंद करून वर मुळ्यांचा लेप दिला. बाई बरी झाली. युरोपच्या मोठ्या शहरांतल्या दवाखान्यांत तेव्हा सिझर झालेल्या बहुतेक बायका मरत होत्या.

त्या का मरत? एक तर हात आणि हत्यारं न धुण्यामुळं जखम चिघळायची. दुसरं कारण ऐकून नवल वाटेल. डॉक्टर पोट शिवायचे, पण गर्भपिशवी शिवायचेच नाहीत. ती आपोआप आवळते, आत घातलेला टाका पुढं काढता येणार नाही आणि तोच सडेल, अशी त्यांची समजूत. साधी गोधडी उसवली तर आपण धागा ओवतो, आणि इथं पिशवी उघडी ठेवून पोट बंद करत होते! त्यातून रक्त जायचं, पू पोटात पसरायचा. १८७६ मध्ये इटलीच्या एदुआर्दो पोर्रो यांनी बाळ काढल्यावर पिशवीच काढून टाकली. बाई वाचली, पण पुन्हा मूल होण्याचा प्रश्नच मिटला. १८८२ मध्ये जर्मनीतल्या माक्स झेंगर यांनी सांगितलं, की पिशवीला चांदीच्या तारेनं आणि रेशमानं नीट टाके घाला. सिझरनंतर बाई जगू लागली ती या टाक्यांमुळं आणि हात-हत्यारं स्वच्छ ठेवल्यामुळं.

पुढं सहा वर्षांनी, १८८८ साली, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत मर्डॉक कॅमेरॉन यांनी मुडदुसानं हाडं वाकलेल्या एका ठेंगण्या बाईचं सिझर केलं. कारखान्यांच्या धुरात, ऊन न लागता वाढलेल्या तिथल्या गरिबांच्या मुलींना मुडदूस फार. कटीची हाडं अशी वाकलेली, की बाळ खाली उतरणं शक्यच नाही. आई-बाळ दोघं वाचली. अशा बाईसमोर सिझर की नॉर्मल असा प्रश्नच नव्हता, आणि आजही काही जणींपुढं तो नसतो. वार तोंडावर असली, बाळ आडवं असलं, तर सिझर म्हणजे जीवदानच. त्याला नाकं मुरडणाऱ्यांनी हा इतिहास आठवावा.

आता ते वाक्य.

बायका सिझरनंतर जगू लागल्या, तसा नवा प्रश्न आला : ती पुन्हा गरोदर राहिली तर? तेव्हा पिशवीवर उभा छेद घेत, वरच्या जाड भागात. कळा येतात तेव्हा जोर लावणारा, आवळणारा भाग हाच. म्हणजे शिवण नेमकी सगळ्यात ओढ बसते तिथं. पुढच्या खेपेला कळांनी ती उसवण्याची, पिशवी फाटण्याची भीती खरी होती. न्यूयॉर्कचे एडविन क्रॅगिन १९१६ मध्ये डॉक्टरांच्या सभेत म्हणाले, की एकदा सिझर म्हणजे कायम सिझर. त्यांचं सगळं बोलणं होतं ते पहिलं सिझर उगाच करू नका, यासाठी. एकदा कापलंत की बाईला पुढं कायमचं बांधून टाकाल, असा तो इशारा होता. आणि याला पुष्कळ अपवाद आहेत हेही त्यांनीच सांगितलं. त्यांच्याच एका बाईला सिझरनंतर तीन मुलं नॉर्मल झाली होती! लोकांनी इशारा सोडला आणि वाक्य तेवढं उचललं.

पुढं छेदच बदलला. पिशवीच्या खालच्या पातळ भागात आडवा छेद जर्मनीत १८८१ मध्येच घेऊन झाला होता. १९२० च्या सुमारास ग्लासगोच्याच मन्रो कर यांनी तो उचलून धरला आणि हळूहळू सगळीकडं रुजवला. या भागावर कळांची ओढ कमी, म्हणून शिवण चांगली टिकते. आज बहुतेक सिझर असेच होतात. आता खरं तर त्या वाक्याचं कारणच उरलं नव्हतं, पण वाक्य तसंच चालत राहिलं.

१९८० मध्ये अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेनं तज्ज्ञ बसवून सांगितलं, की आडवा छेद असलेल्या बाईला नॉर्मलचा प्रयत्न करू द्यायला हरकत नाही. १९९६ पर्यंत तिथं आधी सिझर झालेल्या शंभरातल्या सुमारे २८ जणी नॉर्मल बाळंत होऊ लागल्या. पण मग विमा कंपन्यांना त्यात पैसे वाचताना दिसले. नको म्हणणाऱ्या, योग्य नसलेल्या बायकांनाही प्रयत्न करायला लावलं गेलं. काहींच्या पिशव्या फाटल्या, कोर्टकज्जे झाले, डॉक्टर बिचकले. दहा वर्षांत ते प्रमाण शंभरात दहाच्याही खाली आलं. आधी सगळ्यांना सिझर, मग सगळ्यांना नॉर्मल, मग पुन्हा सगळ्यांना सिझर. मला यात राग येतो तो एकाच गोष्टीचा : तिन्ही वेळा बाईला कुणी विचारलं नाही. २०१० मध्ये तज्ज्ञ पुन्हा बसले आणि म्हणाले, की प्रयत्न करणं पुष्कळ जणींसाठी रास्त आहे, दोन्हीकडचे धोके तिला सांगा आणि तिचं मत घ्या.

आपल्याकडचं चित्र असं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणं २००५-०६ मध्ये देशात शंभरातली साधारण ८.५ बाळंतपणं सिझरनं झाली, २०१९-२१ मध्ये २१.५. महाराष्ट्रात २५.४. सरकारी दवाखान्यांत १४.३ आणि खासगीत ४७.४, हे देशाचे आकडे. एवढा फरक काही हाडांमुळं पडत नाही. नॉर्मलसाठी कुणाला तरी रात्रभर बसून लक्ष ठेवावं लागतं, सिझर तासाभरात उरकतं आणि बिलही मोठं होतं. आणि दोष फक्त डॉक्टरचा नाही. मुहूर्त काढून तारीख मागणारी घरंही आपल्यातलीच. दुसरीकडं, दुर्गम पाड्यावर जिला सिझर हवंच तिला ते वेळेत मिळत नाही, हेही याच महाराष्ट्रात घडतं.

मग पहिलं सिझर झालेल्या बाईनं काय धरून चालावं? एकच सिझर झालेलं असेल, आतला छेद खाली आणि आडवा असेल, आणि या वेळी दुसरी अडचण नसेल, तर प्रयत्न केलेल्या शंभरातल्या ६० ते ८० जणी नॉर्मल बाळंत होतात. आधी एखादं बाळंतपण नॉर्मल झालेलं असेल तर आशा आणखी जास्त. पहिल्या वेळी बाळ पायाळू होतं म्हणून सिझर झालं असेल, तर ते कारण या वेळी असेलच असं नाही. टाका उसवण्याचा धोका साधारण दोनशेत एकीला असतो. तो कमी आहे, पण उसवला तर मिनिटांचा खेळ असतो. म्हणून हा प्रयत्न घरी नाही, उपकेंद्रातही नाही. जिथं ऑपरेशन थिएटर, भूल देणारे डॉक्टर आणि रक्त रात्रीही तयार असतं तिथंच. कळा वाढवायचं इंजेक्शन घरी टोचून घेणं तर मुळीच नको. आणि प्रयत्न फसून घाईत केलेलं सिझर हे ठरवून केलेल्या सिझरपेक्षा जास्त जोखमीचं, हेही आधी कळलेलं बरं.

दुसरीकडं, सिझरवर सिझर होत गेलं की पुढच्या खेपेला वार जुन्या टाक्यावर चिकटून बसण्याची भीती वाढते. ती सुटत नाही, रक्त वाहतं, कधी पिशवी काढावी लागते. जिला आणखी मुलं हवी आहेत तिनं हे मोजायचं. जिला नकोत, आणि कळांची भीती वाटते, तिनं पुन्हा सिझर निवडलं तर तीही चूक नाही. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात नॉर्मल काय आणि सिझर काय, दोन्ही मोफत आहे. तेव्हा निवड पैशावर अडू नये.

एक गोष्ट पुष्कळ जणींना ठाऊक नसते. पोटावरचा व्रण आडवा दिसला म्हणून आतला छेदही आडवाच असेल असं नाही. तो बाहेरून कळत नाही, फक्त ऑपरेशनच्या कागदावर असतो. दवाखान्यातून सुटी घेताना विचारायचं : सिझर कशासाठी केलं, आणि पिशवीवर छेद कसा घेतला? ते डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यायचं आणि ते कार्ड रेशनकार्डाच्याच पिशवीत ठेवायचं. पुढच्या खेपेला डॉक्टर पहिल्यांदा तेच मागतील.