रांजण जकातीचा की पाण्याचा?

नाणेघाटातल्या एका टाक्यावर ब्राह्मी लिपीत एवढंच कोरलंय की ही पोढी सोपाऱ्याच्या गोविंददासाचं दान. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. समुद्रकाठच्या माणसानं थेट सह्याद्रीच्या माथ्यावर पाण्यासाठी पैसा का घालावा? डोंगरातल्या मुक्कामाची कुळकथा मी या टाक्यापासून मोजतो.

आमच्या कबनूर-इचलकरंजीकडची पोरं पावसाळ्यात पन्हाळगड ते पावनखिंड चालतात. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज निसटले, ती ही वाट. मसाई पठार ओलांडलं की करपेवाडी-आंबेवाडीकडं रात्र पडते. मग कुणाच्या सोप्यात नाहीतर शाळेत पथारी टाकायची. याच पठाराच्या कुशीत पांडवदऱ्याची बौद्ध लेणी आहेत. महाराष्ट्रात इतक्या लेण्यांना पांडवांचंच नाव का? माझा तर्क साधा आहे: वनवासी माणूस रात्रीपुरता कुठंतरी टेकणारच, आणि ही जागा टेकण्याची हे लोकांना ठाऊक होतं.

लेणी भिक्षूंची, त्यांना एकांत हवा होता, असं कुणी म्हणेल. मग ती नेमकी घाटवाटांच्या आसपास का? इतिहासकार दामोदर कोसंबी यांनी लेण्यांची सांगड व्यापारी मार्गांशी घातली, ती मला पटते. नाणेघाटाचं लेणं तर विहारच नाही. भिंतींवर सातवाहनांच्या यज्ञांची आणि दक्षिणेची जंत्री आहे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्यांचे पुतळे होते. आता त्यांची नावं आणि पावलांचे अवशेष तेवढे उरलेत. कोकणातली बंदरं आणि जुन्नर यांच्या मधली ही चढण. माल वाहणारा माणूस वर येऊन दमणार, हे उघड आहे.

आता तो प्रसिद्ध रांजण. घाटाच्या तोंडाशी दगडात घडवलेला हा रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, असं प्रत्येक वाटाड्या सांगतो आणि घाटाच्या नावाकडं बोट दाखवतो. पण शेजारच्या कड्याला नानाचा अंगठा म्हणतात. नाण्यावरून नाणेघाट, की नानावरून? एकाच डोंगराला दोन कुळं लावली जात असतील, तर नावाचा पुरावा लंगडा पडतो. लेण्यातल्या लेखात कार्षापणं आहेत, पण ती यज्ञाची दक्षिणा म्हणून दिलेली. घेतल्याचा नव्हे, दिल्याचा हिशोब आहे तो. शिवाय जकातीचा पैसा कोणता राजा उघड्यावर, वाटेच्या कडेला ठेवील?

माझं म्हणणं असं की तो रांजण पाणपोईचा. टाक्यातून भरायचा आणि वाटसरूनं तिथंच ओंजळ धरायची. टाकी इतकी जवळ असताना रांजण कशाला, ही हरकत मी ऐकलीय. ओझं डोक्यावर असलेला माणूस टाक्यात वाकत नाही. ओझ्याचा अंदाज असणाऱ्यानं ही हरकत घेऊन पाहावी.

वाटसरूंची अशी सोय इतरत्रही दिसते. आल्प्समध्ये ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतली धर्मशाळा साधारण १०५० च्या सुमाराची, तीही धर्मकार्य म्हणून उभी राहिलेली. गिर्यारोहकांच्या झोपड्या फार पुढच्या. स्विस अल्पाइन क्लबची पहिली १८६३ ची. पण त्या शिखरं चढणाऱ्यांसाठी होत्या, वाटसरूंसाठी नव्हे. गोविंददास त्या धर्मशाळेच्या कितीतरी शतकं आधीचा.

सातवाहनांपासून शिवकाळापर्यंतची मधली कडी मी देवळांनी भरतो. हरिश्चंद्रगडावर देऊळ, लेणी आणि टाकी एकाच आवारात आहेत, आणि ट्रेकर आजही तिथल्या लेण्यांत झोपतात. गडांवरच्या टाक्यांतला गाळ उपसणारे जे तरुण सुट्टीच्या दिवशी घमेली घेऊन जातात, त्यांना मी गोविंददासाच्याच वंशावळीत बसवतो. रांजण पाण्याचा नव्हता असं कुणी सिद्ध केलं, तरी त्यांची जागा तिथून हलणार नाही, कारण टाकं तर लेखानिशी उभं आहे.