फितुरी

फितुरी (स्त्री.) : आपल्या पक्षाच्या, राज्याच्या किंवा धन्याच्या माणसाने आतून शत्रूला मिळणे. ‘फितूर’चा संबंध अरबी ‘फुतूर’ म्हणजे शैथिल्य या शब्दाशी जोडतात. हिंदीत त्याला डोक्यातले खूळ असा अर्थ आला, मराठीत तो राजकारणात शिरला. ‘फितणे’ला ‘फितवणे’ हे प्रयोजक रूप आहे आणि जुन्या लिखाणात ‘फंदफितूर’ असा जोडशब्द येतो. फितणाऱ्यामागे फितवणारा गृहीतच असतो. शेजारच्या शब्दांत हा दुसरा माणूस दिसत नाही, मोडलेले नाते दिसते. नमकहराम मिठाला जागत नाही, बेइमान इमान सोडतो, घरभेदी घर फोडतो, गोतावर उलटणारा कुऱ्हाडीचा दांडा ठरतो. फारसीत अस्तनीत साप असतो. मराठीने तिथे निखारा ठेवला. सूर्याजी पिसाळ : रायगडाच्या १६८९ मधील पाडावाशी जोडलेले नाव, फितुरीचा आरोप वादग्रस्त.

या साऱ्या शब्दांना काहीतरी केलेले लागते. नुसते मन विटून भागत नाही. इंग्रजी अमलातील कायद्याने नेमके मनच पकडले. दंडसंहितेत १८७० साली आलेल्या कलम १२४-अ मध्ये ‘डिसअफेक्शन’ हा शब्द होता. टिळकांवरील १८९७ च्या खटल्यात न्या. स्ट्रेची यांनी ज्यूरीला त्याचा अर्थ प्रीतीचा अभाव असा सांगितला आणि ‘डिसलॉयल्टी’ हा त्याला सर्वसमावेशक पर्याय सुचवला. टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. १८९८ च्या दुरुस्तीत ‘डिसलॉयल्टी’ कलमाच्या स्पष्टीकरणातच दाखल झाली. मराठीत या गुन्ह्याला ‘राजद्रोह’ म्हटले गेले आणि फरक झाकला गेला, कारण द्रोह म्हटला की मराठी कानाला अपकार ऐकू येतो, अप्रीती नव्हे.

आज निव्वळ मतभेदालाही ‘गद्दारी’ म्हणतात, तेव्हा हा भेद उरला कुठे, असा आक्षेप घेता येईल. पण शिवसेनेतील २०२२ च्या फुटीनंतर विरोधकांना ‘गद्दार’ एवढे म्हणून पुरले नाही, ‘पन्नास खोके’ जोडावे लागले. (फुटलेल्यांचा शब्द ‘उठाव’, कायद्याचा, थंडपणे, ‘पक्षांतर’.) किंमत सांगितली की फितवणारा आपोआप उभा राहतो. न्यायालयीन बातम्यांतही हेच घडते. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम १५४ पक्षकाराला स्वतःच्याच साक्षीदाराची उलटतपासणी घेण्याची परवानगी देण्यापुरते होते. ‘फितूर’ला समांतर शब्द त्यात नाही. साक्ष फिरवणारा साक्षीदार घाबरलेला असो वा विसरलेला, मराठी वृत्तपत्र त्याला ‘फितूर’ छापते आणि कुणीतरी त्याला फितवले, हा न सिद्ध झालेला भाग शब्दासोबत येतो.