महादेवभाईंच्या रोजनिशीतला ‘मी’

स्वीय सचिव या भूमिकेचा विचार प्रशासनाच्या इतिहासात होतो. साहित्याच्या इतिहासात क्वचितच. महादेव देसाई (१८९२–१९४२) यांच्याबाबतीत ही उणीव विशेष जाणवते. त्यांच्या गुजराती रोजनिशीला १९५५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तरीही ती बहुधा गांधीचरित्राचे साधन म्हणूनच वाचली जाते. एखादा लेखक सचिव होतो तेव्हा त्याच्या स्वतःच्या आवाजाचे काय होते, हा प्रश्न त्या वाचनात मागे पडतो.

नोव्हेंबर १९१७ मध्ये गांधीजींकडे आले तेव्हा महादेवभाई केवळ होतकरू कारकून नव्हते. पंचविशीतला हा कायद्याचा पदवीधर सहकारी बँकेच्या तपासणीसाठी खेडोपाडी हिंडला होता आणि जॉन मोर्ले यांच्या ‘ऑन कॉम्प्रमाइज’चा त्याने गुजराती अनुवाद केला होता. पत्रव्यवहार, भेटीगाठी, प्रवास, प्रसंगी स्वयंपाकही अशी नवी कामे त्याने अंगवळणी पाडली. पण खरा पालट झाला तो रोजनिशीत. पहिल्याच दिवसांपासून तिचा कर्ता ‘बापू’ आहे. लिहिणारा जवळजवळ दिसतच नाही. स्वतःविषयी मौन पाळणारी रोजनिशी हा वाङ्मयप्रकार म्हणूनच एक विरोधाभास नव्हे काय?

याला आत्मलोप म्हणणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. अलाहाबादच्या ‘इंडिपेंडंट’ या पत्राची छपाई १९२१ साली अशक्य झाली, तेव्हा महादेवभाईंनी ते हस्तलिखित रूपात काढले आणि त्यासाठी तुरुंगवास पत्करला. गांधीजींच्या आत्मकथेचा बहुतांश इंग्रजी अनुवाद त्यांचाच. इंग्रजी वाचक ज्या संयत, अनलंकृत वाक्यांना ‘गांधींची शैली’ म्हणतो, त्या इंग्रजीची जडणघडण बव्हंशी या सचिवाच्या हातची आहे (आपल्याकडील शैलीविषयक चर्चेत याची दखल अभावानेच घेतली जाते).

या एकरूपतेला तडा गेला तो मार्च १९३८ मध्ये. ओरिसातील देलांग येथे गांधी सेवा संघाचे अधिवेशन चालू असताना कस्तुरबा आणि महादेवभाईंच्या पत्नी दुर्गाबेन पुरीच्या जगन्नाथ मंदिरात जाऊन आल्या. हरिजनांना त्या मंदिराचे दार बंद होते. गांधीजी विलक्षण व्यथित झाले आणि या स्त्रियांना आधीच समजावून न सांगितल्याचा दोष त्यांनी महादेवभाईंकडेही दिला. वीस वर्षांच्या सहवासानंतर महादेवभाईंनी दूर होण्याची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. पुढे ‘हरिजन’मध्ये हा प्रसंग त्यांनी स्वतःच लिहिला. माझ्या मते हे लेखन त्यांच्या गद्यातील सर्वांत धीट लेखनापैकी आहे, कारण येथे सचिव धन्याच्या न्यायाचा विषय आहे आणि त्याचा वृत्तान्तकारही तोच आहे.

एरवीही हा आवाज प्रकटला, पण प्रस्तावनेच्या आडोशाने. गांधीजींच्या ‘अनासक्तियोग’चे इंग्रजी रूपांतर करताना त्यांनी बेळगावच्या तुरुंगात त्याला एक प्रदीर्घ विवेचन जोडले: उपनिषदे, ख्रिस्ती व इस्लामी विचार, पाश्चात्त्य तत्त्वज्ञान, सारे त्यात आहे. या स्वतंत्र ग्रंथाच्या तोडीच्या लेखनाला नाव मात्र दिले ‘माय सबमिशन’, म्हणजे ‘माझे निवेदन’. इंग्रजी शब्दात शरणागतीचीही छटा आहेच. ‘द गीता अकॉर्डिंग टु गांधी’ या नावाने हे पुस्तक १९४६ साली निघाले. महादेवभाई १५ ऑगस्ट १९४२ रोजी, अटकेनंतर सहाच दिवसांनी, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये निवर्तले होते.