विटा

विटा : महाराष्ट्राच्या सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या 48,289 (2011). हा भाग पूर्वी सातारा जिल्ह्यात होता. 1949 मध्ये तो दक्षिण सातारा जिल्ह्यात गेला आणि 1960 मध्ये त्या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. येथील नगरपालिका 1854 मधील आहे. गुहागर–विजापूर रस्ता कराडवरून विट्याला येतो.

कृष्णाकाठची हिरवी गावे फार लांब नाहीत, पण विटा नदीकाठी नाही आणि पाऊसही बेभरवशाचा. पोटासाठी तालुक्यातील माणसे बाहेर पडली ती सोने-चांदीच्या गलाईच्या, म्हणजे शुद्धीकरणाच्या, धंद्यात. देशभरच्या सराफ पेठांत आज त्यांची दुकाने आहेत. जुने दागिने, सराफाच्या पेढीवरची झाडलोट, हात धुतलेल्या पाण्यातला गाळसुद्धा हे कारागीर वाया जाऊ देत नाहीत. अशुद्ध सोने मुशीत वितळवून त्यात चांदी घालतात व ते तेजाबात टाकतात. चांदी-तांबे विरघळते, तळाला तपकिरी भुकटी उरते. ती आटवली की चोख सोने. गलाईवाल्यांचे गावाशी नाते तुटत नाही. परमुलखातली कमाई घर बांधायला, लग्नाला आणि देवळाला इकडेच येते. गावात यंत्रमाग आहेत, परिसरात कुक्कुटपालन चालते. तरी विट्याची ओळख गलाईचीच.

दसऱ्याला येथे पालख्यांची शर्यत होते. एक पालखी विट्याच्या रेवणसिद्धाची, दुसरी मूळस्थानाच्या रेवणसिद्धाची. खांदेकरी पालखी घेऊन शिलंगणाच्या मैदानाकडे अक्षरशः धावतात. देवाची मिरवणूक संथ चालीची असावी, ही अपेक्षा येथे सोडून द्यावी लागते.

पाहुण्याने रेणावीचे रेवणसिद्ध मंदिर पाहावे. हाताशी दिवस असेल तर बाणूरगड, म्हणजे भूपाळगड, चुकवू नये. 1679 मध्ये मोगल सरदार दिलेरखानाने हा किल्ला घेतला, तेव्हा संभाजीराजे त्याच्या गोटात होते. गडावर शिवाजी महाराजांचे हेर बहिर्जी नाईक यांची समाधी दाखवतात. गावातले रस्तेही बघण्याजोगे आहेत : स्वच्छ सर्वेक्षण 2021 मध्ये एक लाखाहून कमी वस्तीच्या शहरांत विटा देशात पहिले आले.

कराडजवळ टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलून टप्प्याटप्प्याने वर चढवणाऱ्या उपसा सिंचन योजनेच्या लाभक्षेत्रात आता पावसाचा भरवसा नसलेला खानापूर तालुकाही आहे.