दोन घटिकांचा हिशेब : शिरपूर जैन आणि थकलेल्या मनाचा इतिहास

१/ वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तुक्यात, नव्हे तालुक्यातल्या एका गावाचे नावच ‘शिरपूर जैन’ असे आहे. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मूर्तीमुळे ते देशभरातील जैनांना ठाऊक आहे. ‘बर्नआउट’ हा शब्द रूढ होण्याच्या कित्येक शतके आधी, रोजचा ताण मनात साचू न देण्याची काटेकोर शिस्त या परंपरेने घडवली होती. त्या शिस्तीचा आणि तिच्या मर्यादांचा हा मागोवा. #थ्रेड

२/ आधी शब्दाविषयी. १९७४ साली न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी मोफत दवाखान्यांत राबून खचलेल्या कार्यकर्त्यांच्या अवस्थेला ‘बर्नआउट’ म्हटले. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याची तीन लक्षणे नोंदवली : शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा वा कडवटपणा आणि घटलेली कार्यक्षमता. संघटनेच्या मते हा आजार नसून कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न हाताळलेल्या ताणाचा परिणाम आहे.

३/ आता शिरपूर. ग्रंथांतले त्याचे नाव ‘श्रीपुर’. तेराव्या शतकातील दिगंबर पंडित मदनकीर्ती यांच्या ‘शासनचतुस्त्रिंशिका’त आणि चौदाव्या शतकातील श्वेतांबर आचार्य जिनप्रभसूरी यांच्या ‘विविधतीर्थकल्पा’त, अशा दोन्ही पंथांच्या साहित्यात येथील पार्श्वनाथाचा उल्लेख आढळतो. मूर्ती भूमीला न टेकता अधांतरी आहे, अशी श्रद्धा, म्हणून ‘अंतरिक्ष’.

४/ पार्श्वनाथ हे तेविसावे तीर्थंकर. त्यांची सर्वांत प्रसिद्ध कथा ताणाचीच आहे. पूर्वजन्मीचा वैरी कमठ ध्यानस्थ पार्श्वांवर वादळ आणि महापूर लोटतो. नागराज धरणेंद्र फणा उभारून त्यांचे रक्षण करतो. छळणारा आणि वाचवणारा, दोघांविषयीही पार्श्वांचे मन समान राहते. वेरूळच्या जैन लेण्यांत हा प्रसंग वारंवार कोरलेला दिसतो.

५/ अशा भीषण संकटाला जैन परिभाषेत ‘उपसर्ग’ म्हणतात. नित्याच्या त्रासांसाठी मात्र वेगळा शब्द आहे : ‘परीषह’. ‘तत्त्वार्थसूत्रा’त मुनींनी सोसावयाचे २२ परीषह सांगितले आहेत. त्यांत भूक, तहान, थंडी, उन्हाळा, डास यांबरोबरच इतरांची कठोर बोलणी आणि मागूनही काही न मिळणे यांचा समावेश आहे.

६/ त्याच यादीत ‘सत्कार-पुरस्कार’ हाही एक परीषह आहे. मानसन्मानानेदेखील चित्त ढळते, तेव्हा तोही समभावाने सोसावयाचा. निंदेइतकीच प्रशंसाही मनाला जखडून ठेवते, ही जाण त्या सूत्रकारांना होती.

७/ हे झाले मुनींचे. संसारात, व्यापारात गुंतलेल्या गृहस्थाचे काय? त्याच्यासाठी ‘सामायिक’ हे व्रत. ठरावीक वेळ सर्व व्यवहार बाजूला ठेवून समभावात राहावयाचे. त्याची रूढ मर्यादा दोन घटिका, म्हणजे एक मुहूर्त. एक घटिका २४ मिनिटांची. म्हणजे एकूण ४८ मिनिटे. तेवढा काळ गृहस्थही श्रमणासारखाच होतो, अशी धारणा आहे.

८/ मन भटकणार, हे शास्त्रकारांनी गृहीत धरले होते. सामायिकाचे पाच अतिचार, म्हणजे उणिवा, सांगितल्या आहेत : मन, वाणी आणि काया यांची भलतीकडे ओढ, अनादर आणि विस्मरण. यांतला ‘अनादर’ म्हणजे उत्साह आटून केवळ उरकणे. आजच्या व्याख्येतील कामाविषयीच्या दुराव्याशी त्याचे साम्य लक्षणीय आहे.

९/ ‘देशावकाशिक’ हे दुसरे व्रत. आज अमुक हद्दीपलीकडे जाणार नाही, तेथील व्यवहार करणार नाही, असा संकल्प ठराविक काळापुरता करावयाचा. दूरदूरच्या पेठांशी देवघेव असणाऱ्या व्यापाऱ्याने स्वतःच आपल्या व्यापाची वेस आखून घ्यावी, अशी ही योजना.

१०/ तिसरी गोष्ट ‘प्रतिक्रमण’ : झालेल्या चुकांकडे परत वळून पाहणे. त्यासोबत ‘कायोत्सर्ग’, म्हणजे देहाची आसक्ती सोडून निश्चल राहणे. मुनींच्या आचारावरील ‘मूलाचार’ या प्राचीन दिगंबर ग्रंथात त्याचे माप श्वासांत दिले आहे : दिवसाचे १०८, रात्रीचे ५४, पंधरवड्याचे ३००, चातुर्मासाचे ४०० आणि वर्षाचे ५०० श्वास.

११/ या आकड्यांमागचा विचार पाहण्याजोगा आहे. दिवसाचा मळ दिवसाच्याच शेवटी झटकावयाचा. उरलेला पंधरवड्याला, त्यातूनही राहिलेला चार महिन्यांनी आणि अखेरचा वर्षाने. वर्षाच्या हिशेबात क्षमायाचनाही येते : श्वेतांबरांत ‘मिच्छामि दुक्कडम्’, दिगंबरांत ‘क्षमावाणी’. साचलेल्या ओझ्यात बिघडलेली नातीही मोजली गेली, हे विशेष.

१२/ मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. या साधनेचा हेतू कर्मक्षय आणि मोक्ष हा होता. दुसऱ्या दिवशी अधिक जोमाने काम करता यावे, म्हणून कोणी सामायिकास बसत नसे. तिच्याकडे ताणावरील उपाय म्हणून पाहणे ही आपल्या काळाची दृष्टी आहे. मनाला उसंत मिळणे हा तिचा आनुषंगिक लाभ.

१३/ दुसरा प्रश्न अधिक बोचरा आहे. ४८ मिनिटे बाजूला काढण्यासाठी ती मिनिटे आधी स्वतःच्या मालकीची असावी लागतात. दुकानाची फळी केव्हा लावायची, हे व्यापारी ठरवू शकत होता. एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडच्या काळ्या मातीतला कापूस मुंबईकडे जाऊ लागला. तेथील गिरण्यांत राबणाऱ्या कामगाराच्या हाती मात्र दिवसाचा कोणताच प्रहर नव्हता.

१४/ हा प्रश्न सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मांडला. सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. मागण्या अशा : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम आणि वेळेवर पगार.

१५/ १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या फॅक्टरी कायद्यातही आठवड्याच्या सुट्टीची तरतूद आली. सामायिकाला जे वैयक्तिक संकल्पाने साधले, ते कामगारांना संघटित होऊन मिळवावे लागले. आजचा रविवार हे त्या लढ्याचे देणे आहे.

१६/ आणि खुद्द शिरपूर? समभावाच्या या तीर्थातही तंट्याचे मूळ वेळेतच रुजले. १९०५ साली दोन्ही पंथांनी पूजेच्या वेळांचे पत्रक ठरवले. ते टिकले नाही. १९१० साली दावा दाखल झाला आणि अकोल्याच्या न्यायालयापासून थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन १९२९ साली त्याचा निकाल लागला.

१७/ वाद तरीही शमला नाही. १९८१ पासून मंदिर कुलूपबंद राहिले आणि भाविकांना लहानशा झरोक्यातून दर्शन घ्यावे लागे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मार्चमध्ये दारे उघडली. एक संपूर्ण पिढी त्या झरोक्याबाहेर उभी राहून मोठी झाली.

१८/ हे कटू वाटले तरी इतिहासाला सोडून नाही. समभावाची शिकवण जवळ असणे आणि ती सामूहिक व्यवहारात उतरणे, यांत मोठे अंतर असते. रोज सामायिक करणारी माणसेही न्यायालयाच्या तारखांनी थकतात. एकट्याच्या साधनेने न सुटणारा ताणही असतो. त्यासाठी समोरच्याशी समेट लागतो.

१९/ म्हणून थकव्यातून सावरू पाहणाऱ्याला या इतिहासात तीन वेगवेगळे धागे सापडतील. दिवसाचा भार दिवसाअखेरीस उतरवण्याची सवय सामायिक-प्रतिक्रमणातून. कामाच्या तासांना बाहेरून घातलेली मर्यादा लोखंड्यांच्या लढ्यातून. आणि तुटलेले संबंध वेळीच जोडण्याची निकड शिरपूरच्या कुलपातून.

२०/ स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत किंवा रात्रपाळीच्या कचेरीत कोमेजणाऱ्या तरुणाला अनेकदा फक्त पहिला धागा सांगितला जातो : ध्यान कर, मन खंबीर ठेव. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. आपला थकवा मनाच्या भटकण्यातून आला, वेळेवर हक्क नसल्यामुळे आला, की न मिटलेल्या भांडणातून आला, हे आधी ओळखावे. उपाय त्यावरून ठरतो. #इतिहास #वऱ्हाड