तळटीप १४ : गिब रिव्हर रोड

१४. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागातला, डर्बीजवळून पूर्वेकडे जाणारा सुमारे ६६० किमीचा, बराचसा कच्चा रस्ता. मुळात गुरे बंदराला पोचवण्यासाठी केलेला. त्यावरच्या पन्हाळी पत्र्यासारख्या वळ्या वाहनांच्या चाकांनीच सुट्या खडीत उठतात. हलका कॅम्पर ट्रेलर त्यांवर फार उडतो. नट ढिले होतात, शॉक ॲब्सॉर्बर तापतात. म्हणून टायरमधली हवा कमी करायची आणि वेगही उतरवायचा (हवा कमी नि वेग तोच, तर टायर तापून फुटतो). दर थांब्यावर चाकांच्या नटांना पाना लावून पाहावा. लेखकाने हे एका शब्दात उरकले आहे, नवख्याने उरकू नये. वाटेतल्या पेंटेकोस्ट नदीत खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात. तिथे खोली अजमावायला पायी उतरू नये.