जामखेडची शिकवण: डॉक्टरांनी आपली विद्या वाटून टाकली तेव्हा

आसनगावहून निघालेल्या कसारा लोकलमध्ये ऐकत असाल किंवा शहापूरच्या एखाद्या पाड्यावर रेंज शोधत असाल, आजची गोष्ट तुमच्या ओळखीच्या एका बाईपासून सुरू करूया. आशाताई. घरोघरी जाणारी, गरोदर बाईची नोंद ठेवणारी, बाळाच्या डोसाची तारीख लक्षात ठेवणारी. डॉक्टर नसलेल्या गावच्या बाईला आरोग्याचं काम शिकवता येतं, ही कल्पना आली कुठून?

त्यासाठी मुरबाडवरून माळशेज घाट चढून थेट जामखेडपर्यंत जाऊ. तेव्हाचा अहमदनगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर. साल १९७०. पाऊस कमी, दुष्काळ नेहमीचा. तिथे डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं आलं. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. लग्न करतानाच दोघांनी ठरवलं होतं, आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी द्यायचं. जामखेडात त्यांचं काम सुरू झालं ते गुरांच्या जुन्या दवाखान्यात!

त्याआधी नगर जिल्ह्यातच वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात त्यांनी काम केलं होतं. तिथे एक गोष्ट त्यांना खटकायची. जुलाबाने सुकलेलं मूल बरं करून घरी पाठवायचं, आणि काही दिवसांनी तेच मूल परत दारात. पाणी तेच, घाण तीच, मग आजार कसा जाणार? हे टाळायचं तर काम गावातच व्हायला हवं होतं.

जामखेडात आधी शिकलेल्या नर्सना गावांत ठेवून पाहिलं. जमेना. परक्या गावात एकटीने राहणं त्यांना अवघड, आणि गावालाही त्या आपल्या वाटेनात. मग वेगळाच विचार पुढे आला: गावानेच आपली एक बाई निवडावी. लिहिता-वाचता येत नसलं तरी चालेल, पण लोकांचा तिच्यावर विश्वास हवा.

या बायका दर आठवड्याला जामखेडला येऊ लागल्या. वेगवेगळ्या जातींच्या बायका एकत्र जेवायच्या, एकत्र झोपायच्या. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. ख्रिस्ती होण्याची अटही नव्हती. गोष्टी, गाणी, चित्रं यांतून शिकायचं, गावात जाऊन तेच इतरांना सांगायचं, पुढच्या आठवड्याला अडचणी घेऊन परत यायचं. सुरक्षित बाळंतपण कसं करायचं, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, आणि कुठली केस स्वतः न हाताळता दवाखान्यात पाठवायची, हे सगळं.

परिणाम काय झाला? १९७१ च्या सुमारास या भागात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. पाच-सहा वर्षांत हा आकडा पन्नाशीच्या आसपास आला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ मध्ये देशात आशा योजना आली, तेव्हा तिच्यामागे अशाच प्रयोगांचा अनुभव होता, आणि जामखेड त्यातलं एक मोठं नाव.

आता यात ख्रिस्ती काय? येशूने शिष्य निवडले ते कोळी, जकातदार असे साधे लोक. त्यांना सोबत ठेवलं, शिकवलं आणि मग दोघा-दोघांना गावोगाव पाठवलं. पुढे पौलाने तीमथ्याला तेच सांगितलं: माझ्याकडून जे ऐकलंस ते विश्वासू माणसांना दे, म्हणजे ते आणखी इतरांना शिकवतील. आरोळेंनी हीच साखळी औषधपाण्यात आणली, असं मला वाटतं.

पण यात डॉक्टरांना काहीतरी सोडावंही लागतं. मीच जाणकार, माझ्याशिवाय चालणार नाही, हा मोठेपणा. पेशंट बरा केला की आभार डॉक्टरांना मिळतात. शेजारणीला शिकवलं की आभार तिला मिळतात, आणि हळूहळू डॉक्टरांना कुणी हाकच मारत नाही. आरोळेंना नेमकं तेच हवं होतं. पुढे देशोदेशीचे डॉक्टर जामखेडला शिकायला येऊ लागले, आणि त्यांना शिकवायला समोर कोण? गावच्या याच बायका!

डॉ. मेबल १९९९ मध्ये गेल्या, डॉ. रजनीकांत २०११ मध्ये. काम थांबलं नाही, कारण ते दोघांच्या हातात उरलंच नव्हतं.

आपल्या तालुक्याचं पाणी मुंबईला जातं, हे आपण रोज बोलतो. आपल्या पोरांचं कसबही तसंच रोज सकाळी लोकलने निघून जातं. कुणी वायरिंग शिकलंय, कुणी नर्सिंग, कुणी अकाउंट्स. त्यातलं थोडं पाड्यावरच्या एकाला तरी शिकवा. नुसतं काम करून देऊ नका, त्याला करायला द्या. चुकू द्या. पुढच्या रविवारी परत विचारा. आणि एक अट घाला: तूही पुढे एकाला शिकवायचंस.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!